घटक ५ : बैठकीची लावणी आणि संगीत बारी – दालनातील संगीताची एक मराठी परंपरा

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस :
• 'दालनातील संगीत' ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• फडाची लावणी व बैठकीची लावणी यांतील भेद उदाहरणांसह सांगता येईल.
• संगीत बारीचा वाद्यसंच, गाण्यांचा साठा आणि बैठकीची रचना यांचे वर्णन करता येईल.
• शिरूर व दौंड या तालुक्यांच्या संदर्भात तमाशाच्या दोन शाखांची तुलना करता येईल.
• लावणीची छापील संहिता आणि तिचे सादरीकरण यांतील नाते तपासता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शाहिरी वाङ्मयाचा परिचय करून घेतला. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ आणि प्रभाकर यांच्या लावण्या आपण कविता म्हणून वाचल्या. त्यांतील शृंगार, प्रतिमा, यमके आणि भाषा यांचा विचार केला. परंतु लावणी ही मुळात वाचण्यासाठी रचलेली नाही. ती गाण्यासाठी, आणि गाता गाता डोळ्यांनी, हातांनी व पावलांनी सांगण्यासाठी रचलेली आहे. ती कोठे गायली जाते, किती श्रोत्यांसमोर आणि कोणत्या वाद्यांच्या साथीने, यावर तिचे रूप अवलंबून असते.

प्रस्तुत घटकात आपण बैठकीच्या लावणीचा आणि ती जिवंत ठेवणाऱ्या संगीत बारीचा अभ्यास करणार आहोत. पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील चौफुला हे या कलेचे एक परिचित ठिकाण. शेजारच्या शिरूर तालुक्यात मात्र गावोगावच्या यात्रांमुळे फडाच्या तमाशाशी अधिक नाते जुळलेले दिसते. या दोन शेजाऱ्यांची तुलना केली असता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते : मैदान आणि दालन ही केवळ सादरीकरणाची दोन स्थळे नसून त्यांनी लावणीचे दोन वेगळे प्रकार घडविले आहेत.

५.२ 'दालनातील संगीत' म्हणजे काय?

पाश्चात्त्य संगीतात 'चेंबर म्युझिक' अशी एक संज्ञा आहे. 'चेंबर' म्हणजे खोली किंवा दालन. मोठ्या चर्चमध्ये किंवा नाट्यगृहात वाजविण्याऐवजी एखाद्या सरदाराच्या वाड्यात, निवडक श्रोत्यांसमोर, मोजक्या वादकांनी सादर केलेले संगीत असा तिचा मूळ अर्थ. जोसेफ हायडन हा संगीतकार १७६१ मध्ये एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या सेवेत रुजू झाला आणि त्या आश्रयात त्याने या प्रकारच्या असंख्य रचना केल्या. मुंबईतही १९६२ पासून 'बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा' हा वाद्यवृंद या परंपरेशी निगडित आहे.

या प्रकारच्या संगीताची तीन लक्षणे आपल्या अभ्यासासाठी उपयुक्त आहेत. पहिले लक्षण असे की, संच लहान असतो आणि प्रत्येक वादकावर स्वतंत्र जबाबदारी असते. एकाच्या चुकीवर दुसऱ्याच्या आवाजाचे पांघरूण पडत नाही. दुसरे असे की, लहान संचात काठी हलवून सर्वांना चालविणारा संचालक लागत नाही. वादक एकमेकांकडे पाहून, एकमेकांचे ऐकून वाजवितात. तिसरे असे की, श्रोता जवळ असतो, त्यामुळे बारीकसारीक हरकतीही त्याच्यापर्यंत पोहोचतात.

ही तिन्ही लक्षणे संगीत बारीच्या बैठकीला तंतोतंत लागू पडतात. ही परंपरा युरोपातून आलेली नाही, आणि तिला मोठेपणा देण्यासाठी युरोपीय नावाची गरजही नाही. तुलनेचा हेतू इतकाच की, ज्या कलेकडे आपल्याकडे बहुधा प्रेक्षकांच्या वर्तनावरून पाहिले जाते, तिच्याकडे संगीतरचना म्हणून पाहण्याची एक दृष्टी आपणांस मिळावी.

५.३ ऐतिहासिक पार्श्वभूमी

५.३.१ पेशवाईतील आश्रय

उत्तर पेशवाईत, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (१७९६–१८१८), लावणीला पुण्यात मोठा आश्रय लाभला. वाड्यातील श्रोता हा चौकात किंवा पटांगणात उभ्या असलेल्या श्रोत्याहून निराळा होता. त्याच्या कानावर रागदारी गायनाचे संस्कार होते. त्यामुळे लावणीच्या चालींना रागांचा आधार देण्याकडे शाहिरांचा कल वाढला. बैठकीच्या लावणीला हे वळण देण्याचे आणि तिच्या साथीला ढोलकीऐवजी तबला आणण्याचे श्रेय परंपरा होनाजीला देते.

येथे 'होनाजी बाळा' या नावाकडेही लक्ष द्यावे. हे एका व्यक्तीचे नाव नाही. होनाजी हा रचना करणारा, तर बाळा कारंजकर हा ती गाणारा. कवी आणि गायक यांची नावे येथे एकमेकांना जोडली गेली, कारण श्रोत्यांच्या दृष्टीने लावणी ही दोघांची मिळून होती. हा मुद्दा पुढे ५.८ मध्ये पुन्हा येईल.

पुण्याच्या आग्नेयेस असलेल्या जेजुरीचे सगनभाऊ हे याच काळातील नामवंत शाहीर. म्हणजे आज आपण ज्या परिसराचा विचार करीत आहोत, त्याच्या आसपास लावणीची मुळे त्या काळातही होती.

५.३.२ आश्रय तुटल्यानंतर

३१ डिसेंबर १८१७ रोजी इंग्रजांची एक तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली. १ जानेवारी १८१८ रोजी आजच्या शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे तिची पेशव्यांच्या सैन्याशी लढाई झाली. त्याच वर्षी जूनमध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि त्याची रवानगी उत्तरेत बिठूरला झाली. राजकीय इतिहासातील या घटनेचा एक परिणाम सांस्कृतिकही होता. दरबार गेला, त्याबरोबर दरबारी आश्रयही गेला.

यापुढे लावणीला दोन वाटा उरल्या. एक वाट लोकांकडे, म्हणजे यात्रा, बाजार आणि पुढे तिकिटाचा तंबू यांकडे गेली. या वाटेवर गण, गवळण, बतावणी आणि वग अशी रचना असलेला ढोलकी-फडाचा तमाशा विकसित झाला. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि पवळा यांची कीर्ती याच वाटेवरची. दुसरी वाट खासगी बैठकीची. जमीनदार, सावकार, व्यापारी आणि कलेचे शौकीन यांच्यासाठी गाणाऱ्या स्त्रियांनी बैठकीची लावणी टिकविली. या स्त्रिया प्रामुख्याने कोल्हाटी, डोंबारी, कळवात आदी समाजांतील होत्या. संगीत बारी ही या दुसऱ्या वाटेची पुढची अवस्था होय.

५.३.३ 'बारी' या शब्दाचा अर्थ

'बारी' म्हणजे पाळी. एका थिएटरमध्ये अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि त्या पाळीपाळीने मंचावर येतात, म्हणून 'संगीत बारी'. प्रत्येक पार्टी तिच्या प्रमुख स्त्रीच्या नावाने ओळखली जाते. तिला 'मालकीण' म्हणतात. बारीत वग नसतो, सोंगाड्याची बतावणी नसते. लावणीचे गायन, अदाकारी आणि नृत्य हाच संपूर्ण कार्यक्रम असतो. पुण्याचे आर्यभूषण थिएटर आणि मुंबईत लालबागचे हनुमान थिएटर ही बारीची गाजलेली ठिकाणे. पुढे मोडनिंब, जामखेड, चौफुला अशा ठिकाणी कला केंद्रे उभी राहिली.

५.४ शिरूर आणि दौंड : मैदान आणि दालन

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा नदी वाहते. भूगोलाने जवळ असलेल्या या तालुक्यांत तमाशाच्या दोन शाखांचे दोन निराळे व्यवहार पाहावयास मिळतात.

शिरूरच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. फडांचे हे मोठे केंद्र. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा समित्यांचे पुढारी येऊन आपल्या गावच्या जत्रेसाठी तमाशाची सुपारी देतात. शिरूर परिसरातील गावांच्या चैत्र-वैशाखातील यात्रांना फड येतो तो या व्यवहारातून. फडाचा हंगाम साधारणतः दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो. श्रोते शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. मैदान मोकळे असते. अशा ठिकाणी आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणे ही पहिली गरज. म्हणून फडात ढोलकीबरोबर हलगी कडाडते, सुरत्ये मागून सूर उचलून धरतात, लय चढी राहते आणि हालचाली दूरवरून दिसतील इतक्या मोठ्या असतात.

चौफुल्याची स्थिती याहून वेगळी आहे. नावाप्रमाणेच येथे चार दिशांचे रस्ते मिळतात. पुणे–सोलापूर महामार्ग येथून जातो. उत्तरेकडे न्हावऱ्यावरून शिरूरला जाणारा रस्ता फुटतो, तर दक्षिणेकडे सुप्याच्या बाजूला जाता येते. महामार्गावरील वर्दळ, ऊस पिकविणारा बागायती पट्टा आणि पुण्याहून एका रात्रीत येऊन परत जाता येईल इतके अंतर, या तीन गोष्टींमुळे येथे कला केंद्रांना स्थिर श्रोतृवर्ग मिळाला. फड श्रोत्यांच्या गावी जातो. येथे श्रोता कलेच्या मुक्कामी येतो. फडाचे गणित हंगामाचे असते. कला केंद्राचे गणित रोजच्या रात्रीचे. फड एका गावात एक रात्र राहतो. बारीतील पार्टी एका ठिकाणी महिनोन् महिने मुक्काम करते आणि काही श्रोते तिच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. जाणकार श्रोता तीच लावणी दहाव्यांदा ऐकतो, तेव्हा त्याला शब्द माहीत असतात. आज ती कशी सांगितली जाते, एवढीच उत्सुकता त्याच्या मनात उरते. बैठकीच्या लावणीचे सारे शास्त्र या उत्सुकतेवर उभे आहे.

५.५ बारीचा संच

बारीच्या बैठकीतील संच लहान असतो : एक गाणारी, एक किंवा अधिक नृत्यांगना, पेटीवादक, ढोलकीवादक आणि तबलावादक. काही वेळा तुणतुणे किंवा मंजिरी यांची जोड असते. प्रत्येकाचे कार्य पुढीलप्रमाणे सांगता येईल.

(अ) गाणारी : अनेकदा ही पार्टीतील अनुभवी, वयाने मोठी स्त्री असते. ती बसून गाते. लावणीचा साठा तिच्या स्मरणात असतो. कोणती लावणी केव्हा घ्यायची, कोणत्या ओळीवर थांबायचे, हे बहुधा तीच ठरविते.

(आ) पेटी : हार्मोनियम हे एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेले वाद्य. ते मराठी रंगभूमीने, कीर्तनाने आणि बारीनेही आपलेसे केले. पेटी गाणारीच्या स्वराला आधार देते आणि दोन ओळींमधली जागा भरून काढते.

(इ) ढोलकी : हे दोन तोंडांचे लाकडी वाद्य आहे. उजव्या पुडीवर शाई असते आणि ती गाणारीच्या षड्जाशी जुळवून घेतली जाते. डाव्या बाजूचा नाद घुमारदार असतो. फडात ढोलकी गर्दीला हाक मारते. बैठकीत तीच ढोलकी थापेचा जोर आवरून बोलते.

(ई) तबला : बैठकीतील संथ, रागाकडे झुकणाऱ्या गायनाला तबल्याचा ठेका अधिक मानवतो. कडवे संपून नृत्याला वाव येतो, तेव्हा ढोलकी पुढे सरसावते. एकाच गाण्यात तालाचे सूत्र असे तबल्याकडून ढोलकीकडे आणि पुन्हा तबल्याकडे येते-जाते.

(उ) घुंगरू : पायांतील चाळ हा केवळ अलंकार नाही, तेही एक तालवाद्य आहे. चाळाचे वजन काही किलो असू शकते. कसलेली नर्तकी सर्व घुंगरे एकदम वाजवू शकते आणि क्षणात आवाज इतका खाली आणते की मोजकीच घुंगरे किणकिणावीत. ढोलकी आणि घुंगरू यांची जुगलबंदी बैठकीत विशेष रंगते.

या संचाला संचालक नाही. ढोलकीवाल्याची नजर नर्तकीच्या पावलावर असते, पेटीवाल्याचे कान गाणारीच्या श्वासावर असतात, आणि नर्तकी समेवर केव्हा येणार हे सर्वांना तिच्या खांद्याच्या एका हालचालीवरून कळते. यासाठी वर्षानुवर्षांचा एकत्र सराव लागतो. म्हणूनच जुना ढोलकीवाला पार्टी सोडून गेला, तर पार्टीच्या गाण्याचा घाटच बदलतो.

५.६ गाण्यांचा साठा

अभ्यासकांनी लावणीचे अनेक प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी बालेघाटी लावणी संथ लयीची असून तिचा विषय बहुधा विरह हा असतो. छक्कड ही हलकीफुलकी, चटकदार आणि उघड शृंगाराची. चौकाची लावणी मोठी, अनेक चौकांत विभागलेली. सवाल-जवाब हा प्रश्नोत्तरांचा प्रकार फडात विशेष रंगतो. बैठकीत बालेघाटीसारख्या संथ लावणीला मानाचे स्थान असते, कारण तिच्यात अदाकारीला भरपूर अवकाश मिळतो.

बैठकीतील गायिकेचा साठा लावणीपुरताच मर्यादित नसे. ठुमरी, दादरा, गझल हे प्रकारही जुन्या पिढीतील गायिकांना अवगत असत. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) हे याचे ठळक उदाहरण. त्यांना १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. त्यांच्या गायनात रागदारीची समज आणि लावणीचा ठसका एकत्र नांदत असे.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून या साठ्यात चित्रपटातील लावणीची भर पडली. 'सांगत्ये ऐका' (१९५९), 'पिंजरा' (१९७२) यांसारख्या चित्रपटांनी लावणी घरोघरी पोहोचविली. सुलोचना चव्हाण यांच्या आवाजातील लावण्या श्रोत्यांना पाठ झाल्या. परिणामी बैठकीतील फर्माईशही बदलली. चित्रपटातील लावणी ध्वनिमुद्रिकेच्या मापात, तीन-चार मिनिटांत बसविलेली असते. पारंपरिक बैठकीची लावणी त्याहून कितीतरी अधिक वेळ चालू शकते. श्रोता जेव्हा पहिल्या प्रकाराची सवय घेऊन येतो, तेव्हा दुसऱ्या प्रकारासाठी लागणारा धीर त्याच्याजवळ असेलच असे नाही. बैठकीच्या लावणीचा संकोच होण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

५.७ बैठक कशी उलगडते?

सामान्यतः थिएटरमध्ये आधी मंचावर पार्ट्यांच्या बाऱ्या होतात. त्यानंतर ज्या श्रोत्यांना विशिष्ट पार्टी पसंत पडते, ते तिची खासगी बैठक ठरवितात. ही बैठक एका खोलीत होते. श्रोते भिंतीशी लोडतक्क्यांना टेकून बसतात, समोर काही हातांवर संच असतो. प्रारंभी मुजरा होतो. मग लावण्या, फर्माईशी, वाद्यांची जुगलबंदी. उत्तररात्री भैरवीने समारोप करण्याचा रिवाज बैठकीने शास्त्रीय मैफलीप्रमाणेच जपला आहे.

आता एका लावणीचा विस्तार कसा होतो ते पाहू. लावणीची संहिता ध्रुपद आणि कडवी अशी असते. समजा, ध्रुपदातील नायिका एवढेच म्हणते की, 'मी वाट पाहते आहे.' छापील पुस्तकात ही ओळ आपण एकदा वाचतो आणि पुढे जातो. बैठकीत गाणारी ती ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी बसलेली नर्तकी तिचा निराळा अर्थ दाखविते. पहिल्या वेळी ती दाराकडे पाहते : आशा. दुसऱ्या वेळी पदराचे टोक बोटाला गुंडाळते : अधीरता. तिसऱ्या वेळी तोंड फिरविते : रुसवा. चौथ्या वेळी समोरच्या श्रोत्याकडे पाहून मिश्किल हसते : जणू ज्याची वाट पाहिली तो हाच. पाचव्या वेळी ती नुसती बसून राहते आणि त्या निश्चलतेतून कळते की, अशा अनेक रात्री वाट पाहण्यात गेल्या आहेत. शब्द तेच, परंतु अर्थ पाच. पेटीवाला प्रत्येक वेळी शेवटच्या स्वराचा मुक्काम किंचित बदलून त्या अर्थाला दुजोरा देतो. यालाच 'भाव बताना' किंवा अदाकारी म्हणतात.

भुवईची ही हालचाल मैदानातील चाळिसाव्या रांगेतून दिसणार नाही. ती दालनातच शक्य आहे. म्हणून बैठकीच्या लावणीला दालन हे केवळ सोयीचे स्थळ नसून तिच्या रचनेचा भाग आहे.

कडवे संपले की लय वाढते, ढोलकीचे तोडे येतात, नर्तकी उठून उभी राहते आणि तिहाई घेऊन समेवर ध्रुपद पुन्हा पकडले जाते. संथ आणि द्रुत, बसणे आणि उठणे, सूचन आणि उघडपणा यांचा हा झोका म्हणजे बैठकीच्या लावणीचा घाट होय.

५.८ व्यवहार, प्रतिष्ठा आणि नाममुद्रा

बारीचे उत्पन्न मुख्यतः तीन मार्गांनी येते : तिकीट, बैठकीची ठरलेली रक्कम आणि श्रोत्यांनी फर्माईशीपोटी दिलेली दौलतजादा. यातून थिएटरमालकाचा वाटा जातो आणि उरलेल्यातून मालकीण नर्तकी व वादक यांना त्यांचे हिस्से देते. या व्यवस्थेत वादक बहुधा पुरुष असतात आणि पार्टीची सूत्रे स्त्रीच्या हाती असतात. घर चालविणारी, निर्णय घेणारी आणि कला पुढच्या पिढीला शिकविणारी व्यक्ती स्त्री असणे, ही गोष्ट आपल्या समाजरचनेत विरळाच.

परंतु या स्वातंत्र्याची किंमतही जबर होती. परंपरेने बारीत नाचणाऱ्या स्त्रीला विवाह वर्ज्य मानला गेला. तिच्या कमाईवर घरातील पुरुष अवलंबून राहत. तिच्या मुलांना शाळेत वडिलांचे नाव विचारले जाई. डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनातून या जीवनाची दाहक बाजू मराठी वाचकांपुढे आली. लेखकाने आपल्या नावात आईचे नाव लावले, यातच त्या आत्मकथनाचा आशय सूत्ररूपाने आला आहे. कलेचे गुणगान करताना ही बाजू झाकता कामा नये. आणि ही बाजू सांगताना कलेचे कसब नाकारताही कामा नये. अभ्यासकाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात.

शासनव्यवस्थेचा दृष्टिकोनही असाच दुहेरी राहिला. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. कलावंतांच्या विरोधानंतर ती अटींसह उठली आणि संहितांची तपासणी सुरू झाली. पुढे त्याच कलेला पुरस्कार आणि सन्मान मिळू लागले. ज्या लावणीला राज्याची सांस्कृतिक ओळख म्हणून मंचावर आणले जाते, तिच्या कलावंतांना राहण्यासाठी खोली भाड्याने मिळताना मात्र आजही अडचण येऊ शकते.

आता नाममुद्रेचा प्रश्न. लावणीच्या अखेरच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफतो. त्यामुळे त्याची रचना त्याच्या नावाने टिकली आणि अभ्यासक्रमात आली. म. वा. धोंड यांच्या 'मऱ्हाटी लावणी' (१९५६) सारख्या ग्रंथांनी तिचा साहित्य म्हणून विचार केला. परंतु ती लावणी दोनशे वर्षे ज्यांच्या कंठांतून टिकली, त्या स्त्रियांची नावे कोठे आहेत? मावशीने भाचीला, आईने लेकीला, स्वरलेखनाशिवाय शिकविलेल्या चाली आणि अदा हीसुद्धा निर्मितीच आहे. वरील उदाहरणातील 'वाट पाहते'चे पाच अर्थ शाहिराने लिहिलेले नाहीत. ते कोणा गाणारीने, कोणा नर्तकीने शोधले. होनाजीच्या शेजारी बाळाचे नाव राहिले. पुढच्या काळात मात्र अशा जोडनावांचा मान क्वचितच कोणा गायिकेला मिळाला.

५.९ सद्यःस्थिती

१९९० च्या दशकापासून अकलूजच्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेने बारीतील पार्ट्यांना कुटुंबासह येणाऱ्या श्रोत्यांसमोर आणले. 'नटरंग' (२०१०) चित्रपटानंतर लावणीबद्दलचे कुतूहल पुन्हा वाढले. भूषण कोरगांवकर यांचे 'संगीत बारी' हे पुस्तक आणि सावित्री मेधातुल यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रम यांमुळे बैठकीच्या लावणीची ओळख शहरी प्रेक्षकांना झाली. त्यात परंपरेतील कलावंत स्त्रिया स्वतः गातात, नाचतात आणि बोलतातही.

दुसऱ्या बाजूने ध्वनिमुद्रित संगीतावर नाचण्याची प्रथा वाढली आहे. ध्वनिफितीला पाहणारे डोळे नसतात. नर्तकी एखाद्या ओळीवर थांबली, तरी ती पुढे निघून जाते. त्यामुळे जिवंत संच गेला की अदाकारीला लागणारा थांबाही जातो, आणि उरतो तो केवळ ठेका. २०२० च्या टाळेबंदीत थिएटरे बंद राहिल्याने रोजच्या उत्पन्नावर जगणाऱ्या वादकांना व नर्तकींना विशेष झळ पोहोचली. लहान संच एकदा विखुरला की पुन्हा जमणे कठीण असते, कारण त्याची खरी पुंजी वाद्यांत नसून एकमेकांच्या सवयीत असते.

५.१० सारांश

बैठकीची लावणी ही दालनात घडलेली कला आहे. उत्तर पेशवाईत तिला रागदारीचे वळण मिळाले. आश्रय गेल्यानंतर बैठकीत गाणाऱ्या स्त्रियांनी आणि पुढे संगीत बारीने तिला जपले. शिरूर परिसरातील यात्रांमध्ये येणारा फड मोठ्या समुदायाशी बोलतो, तर चौफुल्याची बारी मोजक्या श्रोत्यांशी. संच लहान, संचालक नाही आणि श्रोता समोर, या तीन गोष्टींतून तिची संथ लय, एका ओळीचे अनेक अर्थ आणि वाद्यांचा संयम जन्माला येतो. म्हणून लावणीची छापील संहिता हा तिचा एक अंश आहे. उरलेला अंश गाणारीच्या स्मरणात, नर्तकीच्या नजरेत आणि ढोलकीवाल्याच्या हातात असतो.

५.११ पारिभाषिक शब्द

बारी : पाळी, पाळीपाळीने सादर होणारा लावणीचा कार्यक्रम.
अदाकारी : चेहरा, नजर व हात यांनी ओळीचा भाव दाखविणे.
दौलतजादा : गाण्यावर खूश होऊन श्रोत्याने दिलेले पैसे.
सुरत्या : फडात मागे उभा राहून सूर धरणारा साथीदार.
सम : तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा.
तिहाई : तीनदा घेऊन समेवर संपणारा बोलांचा गट.
नाममुद्रा : रचनेत गुंफलेले कवीचे नाव.

५.१२ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'दालनातील संगीत' या संकल्पनेची तीन लक्षणे सांगून ती संगीत बारीला कशी लागू पडतात ते लिहा.
२. फडाची लावणी आणि बैठकीची लावणी यांच्या लय, वाद्ये व श्रोतृवर्ग यांची तुलना करा.
३. चित्रपटातील लावणीचा बैठकीच्या लावणीवर कोणता परिणाम झाला?
४. 'लावणीची निर्माती गाणारी स्त्रीही आहे.' या विधानाची चर्चा करा.

५.१३ उपक्रम

आपल्या अभ्यासक्रमातील कोणत्याही एका लावणीचे ध्रुपद निवडा. ती ओळ मोठ्याने पाच वेळा वाचा आणि प्रत्येक वेळी निराळा भाव मनात ठेवा. कोणत्या शब्दावर थांबल्याने अर्थ बदलला, याची नोंद करा. शक्य असल्यास आपल्या परिसरातील एखाद्या ढोलकी किंवा पेटी वाजविणाऱ्या कलावंताशी, त्यांच्या संमतीने, साथसंगतीविषयी बोला आणि दोन पानांचे टिपण संपर्कसत्रात सादर करा. टिपणात त्या कलावंताचे नाव लिहिण्यापूर्वी त्यांना ते चालेल का, हे अवश्य विचारा. आणि चालत असेल, तर ते नाव ठळकपणे लिहा.